साक्षगंध झालं, आता ताटाकडे पाहा : गावातल्या नवरीसाठी तीन-चार महिन्यांची तयारी

साक्षगंध झालं की घरात याद्या सुरू होतात. बस्ता कुठून काढायचा, मांडव कोणाचा, आचारी कोणता, पत्रिकेत कोणाचं नाव आधी. या सगळ्या याद्यांत नवरी येते ती ब्लाउजच्या मापापुरती. तिच्या अंगात रक्त किती आहे, तिला जिना चढताना दम लागतो का, हे कुणी विचारत नाही.

माझं लग्न मे महिन्यात झालं, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात, दुपारी साडेबाराच्या मुहूर्तावर. सकाळपासून पोटात चहाचा एक कप होता. अंतरपाट धरला आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला. मागं मामा उभा होता, त्यानं धरलं म्हणून मी पडले नाही. बायका म्हणाल्या, दृष्ट लागली. दोन महिन्यांनी रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन 7.8 निघालं. आता 11 वर्षं झाली, मी आशा म्हणून काम करते, आणि तुळशीचं लग्न लागलं की माझ्या गावातल्या प्रत्येक होणाऱ्या नवरीच्या घरी स्वतःहून जाते. तिथं जे सांगते तेच इथं लिहिते आहे. हे तुझ्यासाठी आहे, आणि तुझ्या आईसाठीही, कारण ताट तीच वाढते.

सुरू करण्याआधी एक. तुझी 18 वर्षं पूर्ण झालेली नसतील तर हा लेख तुझ्यासाठी नाही. 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत. तो लाव, किंवा तुझ्या गावच्या आशाला, अंगणवाडीच्या बाईंना सांग.

पहिला आठवडा : दवाखान्यात जा

आधी वजनकाटा आणि डाएटच्या गोष्टी नकोत. आधी रक्त. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, सकाळी जा, सोबत वहिनी किंवा मैत्रीण घे. तिथं हिमोग्लोबिन, रक्तगट आणि सिकलसेल या तीन गोष्टी मागून घे. पाळी महिना-दोन महिने चुकत असेल, हनुवटीवर केस येत असतील किंवा वजन काही कारण नसताना वाढलं असेल तर डॉक्टरांना तेही सांग, मग ते साखर आणि थायरॉइड तपासायला सांगतील.

हिमोग्लोबिन 12 च्या वर पाहिजे. त्याखाली रक्त कमी, 8 च्या खाली म्हणजे फारच कमी, तिथं घरगुती उपाय करत बसायचं नाही. ही काही एखाद्या घरची गोष्ट नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना रक्त कमी निघालं होतं. म्हणजे मांडवात बसलेल्या बायकांपैकी अर्ध्याहून जास्त.

सिकलसेलची तपासणी मात्र आपल्या विदर्भात टाळूच नको. सिकलसेल म्हणजे आई-बापाकडून लेकरात येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, इकडे हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. 1 जुलै 2023 पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलनाची मोहीमच सुरू आहे, त्यामुळे तपासणी सरकारी केंद्रात होते. पहिली तपासणी साधी असते. त्यात काही निघालं तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी नावाची दुसरी करून खात्री करतात. आई-बापापैकी एकाकडूनच हा दोष आला असेल तर त्याला वाहक म्हणतात. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे. वाहक मुलगी शेतात काम करते, लेकरं सांभाळते, तिला बहुतेक वेळा काही त्रास नसतो. प्रश्न येतो तो दोघंही वाहक असले तर. तेव्हा प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून नवरदेवाचीही तपासणी हवी. साक्षगंध झालं म्हणून उशीर झाला असं समजू नको. दोघं वाहक निघाले म्हणजे सोयरीक मोडलीच पाहिजे असंही नाही. दिवस राहिल्यावर सुरुवातीच्या महिन्यांतच पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. पण ते माहीत असलं पाहिजे, आणि दोघांनाही माहीत असलं पाहिजे. हे बोलायला जड जातं, मला माहीत आहे. आमच्याकडे मी स्वतः मुलाकडच्यांना फोन करते, तुझ्या गावची आशाही करेल.

तुला स्वतःला सिकलसेलचा आजार असेल तर पुढचा व्यायामाचा आणि लोहाच्या गोळ्यांचा भाग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नको.

त्याच दिवशी वजन आणि उंची मोजून घे. पाच फूट, म्हणजे 152 सेंटिमीटर उंचीच्या मुलीचं वजन साधारण 43 ते 53 किलो चांगलं. उंची कमी-जास्त असेल तर किलोमधलं वजन मीटरमधल्या उंचीनं दोनदा भाग, उत्तर 18.5 ते 22.9 च्या मध्ये आलं पाहिजे.

मग ठरव : भरायचं, की उतरवायचं, की काहीच नाही

शहरातल्या नवऱ्या बारीक व्हायच्या मागे असतात, मोबाइलवर तेच दिसतं. आमच्याकडे मी पाहते त्यातल्या बऱ्याच मुली आधीच 38-40 किलोच्या असतात, कापूस वेचून आलेल्या, गालाची हाडं वर आलेली. त्या मोबाइलवर पाहून सकाळी नुसतं लिंबूपाणी पितात आणि रात्री जेवत नाहीत. अशा मुलीनं वजन कमी करायचं नाही. तिला दोन-तीन किलो भरायचं आहे, आणि ते चरबीनं नाही, मांसानं.

वजन खरंच जास्त असेल तर आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ झालं, एका किलोच्या वर तर जाऊच नको. तीन महिन्यांत पाच-सहा किलो. त्याहून जलद उतरवलं की केस गळतात, पाळी चुकते, चेहरा ओढल्यासारखा होतो, आणि लग्नानंतर चार महिन्यांत सगळं परत येतं. आणि वजन बरोबर असेल तर त्याला हात लावू नको, फक्त ताकद आणि रक्त यांच्याकडे बघ.

तालुक्याच्या गावी डब्यातली पावडर विकणारे असतात. महिन्याला दोन-तीन हजार रुपये जातात. त्या पैशात घरात महिनाभर अंडी, दूध, फल्ली (शेंगदाणे) आणि डाळ येते, आणि ती सगळं घर खातं. दुसरी गोष्ट वजन वाढवायच्या गोळ्यांची. कुणी खुल्या पुडीत पांढऱ्या बारीक गोळ्या देतं, आठ दिवसांत गाल भरतात, सगळे म्हणतात पोरगी छान दिसून राहिली. त्यात पुष्कळदा डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड असतं. ते गाल नाहीत, सूज आहे. आधीच घेत असशील तर एकदम बंदही करू नको, डॉक्टरला पुडी दाखव.

ताट

इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळा खेळ इथला आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं 55 किलोच्या बाईला दिवसाला सुमारे 46 ग्रॅम प्रथिनं आणि 29 मिलिग्रॅम लोह लागतं. आकडे सोड, ताट सांगते. दिवसभरात ज्वारीच्या तीन मध्यम भाकरी, त्यातून 18 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. दोन वाट्या घट्ट वरण, 13 ग्रॅम. मूठभर भाजलेली फल्ली, 7 ग्रॅम. वाटीभर दही किंवा मोठा पेला ताक, आणि थोडा भात-भाजी. झाले 46. यात विकत आणायचं असं काही नाही.

अडचण वरणात आहे. आपल्याकडे सहा माणसांत दीड मूठ डाळ शिजते आणि बाकी पाणी. वरण भाकरीवर ओतलं की भाकरीनं प्यालं, खाली काही राहत नाही. माझी सोपी खूण आहे: वाटीत वरण घे, पाच मिनिटं ठेव, तळाला दोन बोटं डाळ बसली पाहिजे. बसत नसेल तर भांड्यात डाळ वाढव. विदर्भात तूर पिकते, ती पिकवणाऱ्याच्या घरी वरण पातळ असावं हे मला सहन होत नाही.

दुसरी अडचण, मुलगी शेवटी जेवते. आधी बाबा, भाऊ, पाहुणे, मग आजी, मग आई आणि ती. तोवर भाजी संपलेली, भांड्याला लागलेलं चून आणि मिरचीचा ठेचा उरलेला. माझं आयांना एकच सांगणं असतं: "काकू, तीन महिने पोरीचं ताट आधी वाढून झाकून ठेवा." काही घरात सासूबाईंना, म्हणजे मुलीच्या आजीला, ते आवडत नाही. मग मी आजीलाच सांगते की हे काम तुमचं. ती मग इतकं जपते की विचारू नको.

हिवाळ्यात लग्न असेल तर तुझं नशीब चांगलं. हरभऱ्याचा पाला शेतात आहे, तो घोलाणा करून कांदा-तेल-मीठ लावून खा, वाळवूनही ठेव. तुरीचे ओले सोले आहेत, सोल्यांची भाजी कर, आळण कर, भातात घाल. मुंगण्याच्या, म्हणजे शेवग्याच्या झाडाचा पाला बारा महिने असतो आणि लोक शेंगा तोडून पाला शेळीला टाकतात. तो भाकरीच्या पिठात मळ. जवसाची आणि तिळाची चटणी रोज चमचाभर. संत्री वरुड-मोर्शीकडून ट्रक भरून बाहेर जातात, तू रोज एक खा. आवळा मिळाला तर त्याहून चांगला.

उन्हाळ्यात पालेभाजी कमी होते, पण चिवळ असते. चिवळीची भाजी बेसन पेरून कर. बरबटीचे दाणे, कोहळं, अंबाडीचं वाळवण, कैरी, कांदा. ज्वारीची आंबील सकाळी ताकात घेतली तर उन्हाला उत्तम.

एक गोष्ट लक्षात धर. पालेभाजीतलं आणि डाळीतलं लोह अंगाला लवकर लागत नाही. सोबत आंबट काही असलं, लिंबू, आवळा, संत्रं, कैरी, की ते जास्त लागतं. वरणावर लिंबू पिळायची सवय ही चवीपुरती ठेवू नको. मटण, कलेजी, कोंबडी, मासे तुझ्या घरी चालत असतील तर आठवड्यातून एक-दोनदा खा, त्यातलं लोह जास्त सहज लागतं. अंडी चालत असतील तर रोज एक. अंड्यानं उष्णता होते, पुटकुळ्या येतात म्हणून आई नको म्हणेल. उकडून खा, तळून नको, आणि आईला महिनाभर बघायला सांग.

सोयाबीनबद्दल. आपल्या दारात पोती पडलेली असतात आणि सगळी बाजार समितीत जातात. 10 किलो गव्हात 1 किलो सोयाबीन दळायला टाक. कच्चं टाकू नको. उकळत्या पाण्यातून काढून, वाळवून, थोडं भाजून घे, नाहीतर पोट बिघडतं. सोयाबीनच्या वड्या किराण्यात मिळतात. मूठभर वड्यांची, म्हणजे 30 ग्रॅमची भाजी केली तर 15 ग्रॅम प्रथिनं मिळतात. पैशाच्या हिशेबानं याच्याइतकं स्वस्त दुसरं काही मला माहीत नाही.

वजन उतरवायचं असलेल्या मुलीनं भाकर-वरण कमी करायचं नाही. तर्री कमी करायची. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन किलोच्या आसपास तेल पुरे. तुमच्याकडे किती लागतं ते आईला विचार. आणि चहा मोज. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे 40 ग्रॅम साखर रोज. बिस्कीट, खारी, टोस्ट वेगळे.

चहाचं आणखी एक. जेवणाला लागून चहा घेतला की जेवणातलं लोह वाया जातं. शेतात जाताना चहा-पोळी खाणं ही तर आपली न्याहारीच आहे. चहा बंद कर असं मी म्हणत नाही, मीही पिते. जेवणाआधी एक तास आणि नंतर एक तास सोडून पी. न्याहारीला चून-भाकर, कण्या, फल्ली घालून पोहे, असं काही.

उपवास. सोमवार, गुरुवार, आणि लग्न ठरलं म्हणून एखादा नवस. देवाला मी नाही म्हणत नाही. पण साबुदाण्यात पिठाशिवाय काही नसतं. भगर, राजगिरा, फल्ली, दही, दूध, केळ, रताळं, यावर उपवास कर. निर्जळी करू नको. हिमोग्लोबिन 10 च्या खाली असेल तर लग्न होईपर्यंत उपवास सोड. आमच्या गावच्या महाराजांनीच एका मुलीला हे सांगितलं होतं.

खर्रा खात असशील तर आजपासून बंद. हसू नका कुणी, मुलीही खातात, लपून खातात, आणि सुपारी-तंबाखूनं भूक मरते, तोंड उघडेनासं होतं.

लोहाच्या गोळ्या

रक्त कमी निघालं तर डॉक्टर गोळ्या देतील. गोळी जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत घे, दुधासोबत किंवा चहासोबत नको, कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको. शौचाला काळं होतं, घाबरू नको. मळमळलं तर रात्री झोपताना घे. बद्धकोष्ठ झालं तर पाणी आणि भाजी वाढव. नीट घेतल्या तर महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दीडनं वर येतं. म्हणून तर पहिल्या आठवड्यात तपासायला सांगितलं. लग्नाच्या दहा दिवस आधी आलीस तर माझ्या हातात काही नसतं. महिन्यानं पुन्हा तपास. 12 झालं म्हणून गोळ्या सोडू नको, अंगातला साठा भरायला पुढे तीन महिने लागतात.

जंताची गोळी दवाखान्यात विचारून घे, आणि शेतात अनवाणी जाऊ नको. आकडेकृमी पायाच्या कातडीतून आत शिरतात आणि आतड्यात बसून रक्त पितात.

व्यायाम, आणि ज्या मुली आधीच राबतात त्यांच्यासाठी वेगळं

दिवसभर कापूस वेचणाऱ्या, निंदणाऱ्या मुलीला मी चालायला सांगत नाही. ती चालतेच. तिला दोन गोष्टी हव्यात: जास्त जेवण, आणि उलट्या बाजूचा ताण. कमरेला ओटी बांधून वाकून वेचताना पाठ आणि खांदे पुढे येतात. घरी आल्यावर दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून छाती पुढे काढ, वीस आकडे मोज, तीनदा. मग चटईवर पालथी झोपून भुजंगासन, पाच वेळा. मग हात-गुडघे टेकून मांजरासारखी पाठ वर-खाली, दहा वेळा. एवढं दहा मिनिटांत होतं. आणि शक्य असेल तर लग्नाआधीचा शेवटचा महिना वेचणीला जाऊ नको, निदान आठवड्यातून एक दिवस सुटी घे. मजुरी बुडते, हे मला कळतं. तरीही आईशी बोल.

घरी राहणाऱ्या, शिकणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या मुलींनी असं करायचं.

पहिले दोन आठवडे रोज 20 मिनिटं चालायचं, एवढं जोरात की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. तिसऱ्या आठवड्यापासून 30 ते 40 मिनिटं. आठवड्याला 150 मिनिटं झाली म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्या माणसांसाठीचं कमीत कमी माप पूर्ण झालं.

चालायचं कुठं, हा खरा प्रश्न. पोरगी एकटी रस्त्यानं भरभर चालली की पारावरून कुणीतरी विचारतं, "कुठं चालली वं?" आणि दुसऱ्या दिवसापासून ती जात नाही. आमच्या गावात चार मुली आणि दोन वहिन्या मिळून पहाटे पांदणीनं जातात, शेवटच्या धुऱ्यापर्यंत आणि परत. सहा जणी असल्या की कुणी विचारत नाही. जिल्हा परिषद शाळेचं मैदान सकाळी रिकामं असतं. तेही जमत नसेल तर स्लॅबवर, किंवा अंगणात. पावसाळ्यात पांदणीनं जाऊ नको, साप असतात.

चालण्यानं दम वाढतो, ताकद वाढत नाही. शालू, दागिने, हार घालून पाच-सहा तास उभं राहायला ताकद लागते. म्हणून एक दिवसाआड हे चार कर:

ओट्यावर बसून, हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं. दहा वेळा, थांबून पुन्हा दहा.
भिंतीपासून दोन पावलं लांब उभं राहून, भिंतीला हात टेकून दंड काढायचे. दहा वेळा. महिन्यानं भिंतीऐवजी ओट्याला हात टेक.
पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलायची, पाच आकडे धरायची. दहा वेळा.
पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा पाण्यानं भरून दोन्ही हातांत धर, गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून जमिनीवरून उचल. दहा वेळा. पाण्याचा गुंड उचलतानाही असंच उचल, मग कंबर धरणार नाही.

चौथ्या आठवड्यापासून सूर्यनमस्कार घाल, तीनपासून सुरू करून 12 पर्यंत. पाळीच्या दिवसांत दुखत असेल तर नुसतं चाल, दुखत नसेल तर सगळं कर, विटाळाचा आणि व्यायामाचा संबंध नाही.

हिमोग्लोबिन 9 च्या खाली असेल, जिना चढताना छाती धडधडत असेल, तर पहिला महिना फक्त सावकाश चालणं. रक्त वर आल्यावर बाकीचं.

झोप सात तास. रात्री बारापर्यंत होणाऱ्या नवऱ्याशी फोन चालतो आणि पहाटे पाचला उठायचं असतं. त्याला सांग, दहाला ठेवते.

गडगनेर

लग्नाच्या आधीच्या महिन्यात काकू, मामी, आत्या, शेजारीण, सगळ्या जेवायला बोलावतात. पुरणपोळी, पाटोडीचा रस्सा, गुलाबजाम, आणि "खाय नं वं पोरी, आता कुठं आमच्याकडे येशील." नाही म्हटलं तर त्यांचं मन दुखतं. जाणं सोडू नको, हे प्रेम पुन्हा मिळत नाही. त्या दिवशी घरचं दुसरं जेवण हलकं ठेव, तिथं आधी भाजी-वरण घे, मग गोड. आणि दोन घरी एकाच दिवशी जाऊ नको. जवळच्या काकूला आधीच सांगून ठेवता येतं की मला कढी-गोळे आवडतात, तेच कर.

शेवटचे पंधरा दिवस

नवीन काही सुरू करायचं नाही. नवीन क्रीम नाही, नवीन फेशियल नाही, नवीन पथ्य नाही. गोरं करणाऱ्या मिसळलेल्या क्रीममध्ये स्टेरॉइड असतं, काहींत पारा असतो. कातडी पातळ होते, लाल होते, आणि पाऱ्यानं मूत्रपिंड बिघडतं. तुझा सावळा रंग आहे तसा चांगला आहे. चेहऱ्यावर तजेला रक्तानं येतो, आणि त्याची तयारी तू तीन महिने केली आहेस.

पाळीची तारीख मुहूर्ताला येत असेल तर मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून गोळ्या आणू नको. नॉरइथिस्टेरॉन नावाची गोळी असते, ती पाळीच्या अंदाजे तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते, आणि ज्यांना रक्ताच्या गाठी झाल्या होत्या, काविळीचा किंवा यकृताचा त्रास आहे, अर्धशिशी आहे, त्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. महिनाभर आधी विचारून ठेव. घरी मोठ्यांना तारखेचं सांगायला लाजू नको. पाळीत लग्न लागलं तरी काही बिघडत नाही, हेही मी सांगते, पण सगळी घरं ऐकत नाहीत.

लग्नाचा दिवस

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. मांडवात पंखे असतात, हवा गरमच असते. अंगावर जरीचा शालू. अशा दिवशी नवरीला लग्न लागेपर्यंत उपाशी ठेवायची रीत काही घरांत आहे. आजीशी आठ दिवस आधी बोलून घे. फराळाचं चालत असेल तर पहाटे दूध-केळ, भगर, फल्लीचा लाडू, खजूर खा. सगळं चालत असेल तर दहीभात किंवा उपमा. तेलकट नको. दर तासाला थोडं पन्हं किंवा ताक.

पाणी. नवऱ्या पाणी पीत नाहीत, कारण शालूत लघवीला जाता येत नाही आणि मंगल कार्यालयातली जागा घाण असते. मग चक्कर येते, आणि दोन दिवसांनी सासरी जळजळ, ताप. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की करवलीला बाजूला बोलावून कामच वाटून देते: तिच्या पिशवीत ओआरएसचं एक पाकीट, लिटरभर स्वच्छ पाण्यात आधीच कालवलेलं, स्ट्रॉ, ओला रुमाल, दोन राजगिऱ्याचे लाडू. मुहूर्ताच्या तासभर आधी तिनं तुला संडासात घेऊन जायचं, शालू धरायचा. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, लहान चमचा, चहाचा.

उभी असताना गुडघे ताठ करून ठेवू नको. पायाची बोटं हलवत राहा, टाचा किंचित वर-खाली कर, शालूत कुणाला दिसत नाही. डोळ्यांपुढे काळं येतंय असं वाटलं तर लाजून थांबू नको, खाली बस. मंगलाष्टकं दोन मिनिटं थांबतात.

बॅगेत काय टाकायचं

सासरी गेल्यावर पहिले महिनाभर तू पुन्हा सगळ्यांच्या शेवटी जेवशील, नवीन घरात भूक लागली म्हणून सांगणं कुणालाच जमत नाही. म्हणून बॅगेत साड्यांच्या खाली फल्लीचे आणि तिळाचे लाडू, महिनाभराच्या लोहाच्या गोळ्या, आणि हिमोग्लोबिन व सिकलसेलचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेव. लवकर बाळ हवं असेल तर फॉलिक अॅसिडची गोळी दिवस राहायच्या निदान महिनाभर आधीपासून लागते. नको असेल तर साधनांची माहिती दोघांनी मिळून दवाखान्यात घ्या. आणि सासरच्या गावच्या आशाचं नाव तुझ्या गावच्या आशाला विचारून जा. मी माझ्या गावातून गेलेल्या प्रत्येक मुलीसाठी तिकडच्या आशाला फोन करून ठेवते की आमची पोरगी आली आहे, पंधरा दिवसांनी एकदा तिच्या घरी चहाला जा.